सेवाग्रामचा दवाखाना, १५ खाटा ते हजार खाटा, आणि आमच्या बाबांचा खुबा

रेटिंग साडेचार. अर्धा तारा का कापला ते खाली लिहिलंय, आधीच सांगतो दवाखान्याची चूक नाही.

तर झालं असं की दिवाळीनंतर बाबा बैलबंडीवरून उतरताना पडले, वय ७४, आणि या वयात बंडीवर चढायचं काही कारण नव्हतं पण ऐकतो कोण. उजवा खुबा मोडला. मी पुण्याला, हातात फोन घेऊन इकडून तिकडे चकरा मारतोय आणि तिकडे बाबा कण्हत कण्हत एकच म्हणतायत, "मले सेवाग्रामले ने." आणि मी शहाणा, मी फोनवर लहान भावाला सांगतोय की नाही, सरकारीत नको, तिथं गर्दी असते, चांगल्या खाजगीत ने, पैशाचं मी बघतो. नेलं. नाव लिहीत नाही, शहरातलं आहे, काचेचा दरवाजा आहे, रिसेप्शनला एसी आहे. तिथं एक्सरे काढून झाल्यावर आधी डिपॉझिटचा आकडा सांगितला मग हाड कुठं मोडलं ते सांगितलं. रेशन कार्डवरची योजना इथं चालत नाही म्हणाले, आणि आज ठरवा उद्या ऑपरेशन थिएटर मिळणार नाही हेही म्हणाले. भाऊ म्हणाला दादा तू ये मग ठरवू, तोवर मी बाबांना त्यांच्या मनासारखं सेवाग्रामलाच नेतो. मी ट्रेनमध्ये बसलो तेव्हा बाबा सेवाग्रामच्या या कस्तुरबा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचले होते.

आधी एक दुरुस्ती, माझ्यासारखे बरेच जण याला सरकारी समजतात. तसं नाहीये. कस्तुरबा हेल्थ सोसायटी चालवते. खर्चातला अर्धा वाटा केंद्र सरकारचा, पाव राज्याचा आणि उरलेला पाव सोसायटीनं स्वतः उभा करायचा. म्हणून इथं केस पेपरचे, तपासणीचे पैसे लागतात, पण ते भरताना खिशाकडे बघावं लागत नाही. बाबांचं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं. रेशन कार्ड, आधार, फोटो, सही, एवढंच. डिपॉझिट हा शब्द मी तिथं असेपर्यंत कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

आता ज्यांना फक्त सोय काय, बेड कसे हे वाचायचंय त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा, पण मला हा भाग लिहायचाच आहे कारण वॉर्डबाहेर बसून बसून मी हेच वाचत होतो आणि बाबा जे ऐकीव सांगत होते ते त्याला जुळत गेलं. गांधीजी १९३६ ला इथं आले, गावाचं नाव तेव्हा शेगाव होतं, मग टपाल त्या दुसऱ्या शेगावला जायला लागलं म्हणून सेवाग्राम झालं. डॉ. सुशीला नायर त्यांच्याबरोबर, दिल्लीत शिकलेल्या डॉक्टर, आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांसोबत कैदेतही होत्या. कस्तुरबा १९४४ च्या फेब्रुवारीत तिथंच गेल्या. पुढच्या वर्षी आश्रमाजवळ बिर्लांच्या पाहुण्यांसाठीच्या घरात बायका आणि लेकरांसाठी १५ खाटांचा दवाखाना सुरू झाला, तो हाच. पंधरा! आमच्या गावच्या लग्नात याहून जास्त गाद्या लागतात. मग नायर बाई केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या, लालबहादूर शास्त्रींनी कल्पना मांडली की खेड्यात डॉक्टर घडवायचे तर कॉलेजच खेड्यात काढा, आणि १९६९ ला गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी मेडिकल कॉलेज उभं राहिलं, देशातलं पहिलं ग्रामीण. आज खाटा हजाराच्या घरात, आईलेकरांचा वेगळा विभाग, कॅन्सरची रेडिओथेरपी, आणि मेळघाटात धारणीकडे उतावलीला वेगळा दवाखाना, म्हणजे इथून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब. जुनी माणसं नायर बाईंना अजून बडी बहनजीच म्हणतात, २००१ ला त्या गेल्या.

पण आमच्या घरात या दवाखान्याची ओळख ज्वारीमुळे. ८० च्या दशकात आजूबाजूच्या गावांमध्ये ज्वारी योजना होती, डॉ. उल्हास जाजू आणि त्यांची मंडळी गावात यायची. सुगीला ज्वारी निघाली की ज्याची शेती जास्त त्यानं जास्त ज्वारी द्यायची, मजूर माणसानं थोडी, आणि मग वर्षभर दवाखान्यात गेलं की त्या घराला बिलात सूट. गावातल्या आरोग्य सेवकाचं मानधन, औषधं, हेही त्यातनंच. आरोग्य विमा हा शब्द मला कंपनीत लागल्यावर कळला, आमच्या आजीला तो पायलीनं मोजता येत होता. आता ज्वारी पेरतंय कोण, आमच्याकडे सोयाबीन, कापूस आणि थोडी तूर, त्यामुळे आता पैशातच. बाबांना मात्र हे पटलेलं नाही. दोन दिवसांनी जरा बरं वाटल्यावर योजनेच्या खिडकीवरची मुलगी सही घ्यायला वॉर्डात आली तर तिला विचारतात, "बाई, ज्वारी अजून घेता का?" ती पोरगी विशीतली, म्हणाली, "काका, कोणती ज्वारी?" झालं. बाबांनी तिला अख्खी गोष्ट सांगितली, शेजारच्या बेडवरचे आजोबा पण सामील झाले, ते म्हणे आम्ही तर पोतं खांद्यावर नेलं होतं, आणि ती बिचारी हातात फॉर्म धरून उभी.

डॉक्टरांबद्दल. हे शिकवणारं हॉस्पिटल आहे हे लक्षात घेऊन जा, म्हणजे चिडचिड होणार नाही. एकच प्रश्न पाच जण विचारतात, आधी विद्यार्थी, मग इंटर्न, मग रेसिडेंट, मग सिनियर रेसिडेंट, मग राऊंडला सर. "काका कसे पडलात?" बाबांना हे भलतंच आवडलं. पहिल्यांदा सांगितलं की पाय घसरला. तिसऱ्या वेळी बैल जरा हलला होता. पाचव्या वेळी, सर समोर, तर बैल उधळला होता आणि बाबांनी कासरा सोडला नव्हता. सर हसले, म्हणाले, बैल कसा आहे आता. पोरं खादी घालतात, कॉलेजचा नियमच आहे, सुरुवातीला पंधरा दिवस आश्रमात राहतात आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. एका पोराच्या कुर्त्याची बाही बाबांनी चिमटीत धरून बघितली, खरंच खादी आहे का म्हणून. तो लातूरकडचा होता, लाजला जरा.

सिस्टर, मावशी, मामा सगळे कडक बोलतात पण काम करतात. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी वॉकर देऊन उभं केलं, बाबा ओरडले, मॅडम त्यांच्याहून मोठ्यानं ओरडल्या. चौथ्या दिवशी स्वतः संडासपर्यंत गेले. आई त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवली.

औषधांचं सांगायलाच पाहिजे. डिस्चार्ज कार्डवर औषधांची मूळ नावं, कंपनीची नावं नाहीत. डॉ. एस. पी. कलंत्री मेडिकल सुपरिटेंडंट असताना त्यांनी हे स्वस्त जेनेरिकचं प्रकरण नेटानं लावून धरलं असं इथली सगळी सांगतात. मला आधी शंका, स्वस्त म्हणजे हलकं असणार, डोक्यात तेच बसलेलं ना. मग कॅल्शियमच्या गोळ्या संपल्यावर पुण्यात चौकातल्या मेडिकलमध्ये गेलो, तीच गोळी, तेवढेच मिलीग्रॅम, चकचकीत डबा, आणि किंमत बघून मी डबा परत ठेवला. भावाला फोन केला, म्हटलं पुढच्या वेळी तिथूनच घे, दोन महिन्यांच्या एकदम घे.

माझं मत विचाराल तर मोठं होणं म्हणजे मजले वाढणं असं मी धरून चाललो होतो, आणि काचेच्या दरवाजाला मी भुललोच ना. इथं खाटा पंधराच्या हजार झाल्या तरी ओपीडीच्या रांगेत अजून कापडी पिशवी घेतलेली माणसंच जास्त दिसतात, यवतमाळची, चंद्रपूरची, पार आदिलाबादकडची तेलुगू बोलणारी. साप चावलेले, फवारणीत विष अंगावर गेलेले, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची लेकरं. ज्याला स्पेशल रूम, टीव्ही आणि सोफा पाहिजे त्यानं दुसरीकडे जावं, त्याला इथं करमणार नाही.

आता तो अर्धा तारा. तो आपला कापलाय, नातेवाइकांचा. जिन्याच्या कोपऱ्यात, खिडकीच्या गजाबाहेर, नुकत्याच पुसलेल्या भिंतीवर लाल पिचकाऱ्या. मावशी सकाळी घासते, दुपारी परत. एका माणसाला मी बोललो, भाऊ आत तुमचीच बायको ॲडमिट आहे ना, तर मला म्हणतो, "तुले काय करायचं आहे बे?" पन्नीत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोळणं चालूच. गांधींच्या आश्रमापासून चालत पाच मिनिटांवर हे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ओपीडीला सकाळी लवकर नंबर लावा. रेशन कार्ड ओरिजनल न्या, झेरॉक्सवर भागत नाही, आमच्या भावाला त्यासाठी रात्री गावाला परत जावं लागलं. चटई, चादर, पाण्याची बाटली, पेशंटजवळ एकच माणूस. जुनी फाइल असेल तर ती न्याच, नंबर टाकला की कॉम्प्युटरवर जुनं निघतं, पण कागद हातात असलेला बरा. रेल्वेनं येत असाल तर वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन वेगळी स्टेशनं आहेत, तिकीट काढताना बघा, मी रात्री चुकीच्या ठिकाणी उतरलो आणि एका ऑटोवाल्यानं माझ्याकडून जे घेतलं त्यात बाबांची महिन्याची औषधं आली असती.

फॉलोअपची तारीख पुढच्या महिन्यात आहे. बाबा म्हणतायत बंडीनं जाऊ.