जीबोर्डच्या वरच्या पट्टीतली बटणं आपल्या हिशोबाने लावून घ्या राव

मी बार्शी तालुक्याचा बातमीदार आहे. दिवसाला चार-पाच बातम्या जातात आणि सगळ्या फोनवरूनच, लॅपटॉप घरी आहे पण तो मुलीच्या ताब्यात असतो. म्हणजे माझं हत्यार म्हणाल तर फोनचा कीबोर्ड, आणि तो आहे जीबोर्ड, गुगलचा. पूर्वी यालाच गुगल कीबोर्ड म्हणायचे, २०१६ च्या डिसेंबरात अँड्रॉइडवर नाव बदललं. मी इतकी वर्षं तो वापरतोय आणि त्याच्या वरच्या पट्टीतली बटणं हलवता येतात हे मला गेल्या वर्षी कळलं, तेही चुकून, बोट जरा जास्त वेळ दाबलं गेलं आणि बटण उचललंच गेलं की हो.

तर कसं करायचं ते आधी सांगतो, कारण सेटिंगमध्ये शोधत बसलात तर सापडणार नाही. कीबोर्डच्या वर डाव्या कोपऱ्यात चार छोट्या चौकोनांचं एक चिन्ह असतं. ते दाबलं की सगळी बटणं मांडलेली दिसतात, क्लिपबोर्ड (कॉपी केलेलं जिथे साठतं ते), ट्रान्सलेट, स्टिकर, जीआयएफ म्हणजे ती हलती चित्रं, टेक्स्ट एडिटिंग, वन-हँडेड, फ्लोटिंग, थीम, सेटिंग वगैरे. त्यातलं हवं ते दाबून धरायचं आणि ओढत वरच्या पट्टीत नेऊन सोडायचं. नको असलेलं तसंच खाली आणायचं. झालं. सेव्ह करा, ओके म्हणा असली भानगड नाही. नुसतं टॅप केलंत तर ते बटण उघडेल, हलणार नाही, म्हणून दाबून धरायचं. कोपऱ्यातला माईक मात्र आपल्या जागेवर बसलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. तसा तो मला लागतोच, मराठीत बोलून टाइप करायची सोय २०१७ पासून आहे आणि शांत खोलीत बरी चालते. मोर्चात चालत नाही, तिथे घोषणाच बातमीत घुसतात.

आता खरी गोष्ट. पट्टीत काय ठेवायचं?

सुरुवातीला माझ्या पट्टीत स्टिकर होतं, जीआयएफ होतं. कुणासाठी ठेवलंय माहीत नाही, माझ्यासारख्यासाठी नक्की नाही. मी उत्साहाने सगळी 'टायपिंगची' बटणं वर आणली आणि दोन दिवसांत लक्षात आलं की टाइप करताना ती पट्टी दिसतच नाही. कारण तिथेच शब्दांच्या सूचना येतात. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, म्हणजे पी ए एन सी एच असं बडवत गेलं की वर पंचायत, पंचायती, पंचायतीच्या असे पर्याय येतात आणि त्यातला उचलायचा. असं लिहिणाऱ्याला सूचनांशिवाय एक ओळ पुढे जाता येत नाही. मग बटणं कधी दिसणार, तर लिहायला सुरुवात करायच्या आधी आणि लिहून झाल्यावर, मधे हवी असतील तर डावीकडचं चिन्ह दाबून मुद्दाम बोलवावी लागतात. हे एकदा डोक्यात बसलं की निवड आपोआप होते. आधी काय लागतं? क्लिपबोर्ड, कारण प्रेसनोटमधलं काहीतरी चिकटवायचं असतं. नंतर काय लागतं? चुका सुधारायच्या असतात. स्टिकर आधीही लागत नाही, नंतरही लागत नाही.

माझ्या पट्टीत आता डावीकडून टेक्स्ट एडिटिंग, क्लिपबोर्ड, ट्रान्सलेट आणि वन-हँडेड एवढंच आहे.

टेक्स्ट एडिटिंग हे बटण निम्म्या लोकांनी उघडूनही बघितलं नसेल आणि मराठी लिहिणाऱ्याला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बघा, 'पचायत समिती' असं गेलं, अनुस्वार राहिला. आता प आणि च च्या मधे कर्सर न्यायचाय. बोटाने टेकवायला जावं तर कर्सर कधी प च्या आधी जातो, कधी चा च्या पुढे, आणि उन्हात उभे असाल, स्क्रीनवर घाम पडलेला असेल तर विचारूच नका. वैतागून मागून खोडत आलं तर अजून गंमत, 'च्या' खोडायचा असेल तर आधी काना जातो, मग य जातो, मग पाय मोडलेला च् तसाच लटकत राहतो. इंग्रजीवाल्यांना हा त्रासच नाही, त्यांचं एक अक्षर एका दणक्यात जातं. टेक्स्ट एडिटिंग दाबलं की कीबोर्डच्या जागी बाण येतात, चार दिशांचे, मधे सिलेक्ट, खाली ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला नेणारी दोन बटणं, बाजूला सिलेक्ट ऑल, कॉपी, पेस्ट. बाण दाबत गेलं की कर्सर एकेक अक्षर सरकतो, बरोबर प च्या पुढे थांबायचं, परत कीबोर्डवर यायचं, अनुस्वार ठोकायचा. जवळच सरकायचं असेल तर स्पेसबारवर बोट डावी-उजवीकडे घासलं तरी कर्सर हलतो, पण चार ओळी वर जायचं असेल तर बाणच पाहिजेत.

पेपरच्या ऑफिसातून, डेस्कवरून फोन येतो, "बार्शी, दुसऱ्या पॅरातलं नाव चुकलंय बघा", आम्हाला तिकडे गावाच्या नावानेच हाक मारतात. पूर्वी मी अख्खी बातमी परत पाठवायचो. आता बोलता बोलताच सुधारतो.

क्लिपबोर्डचं सांगतो. तो आधी चालू करावा लागतो आणि कॉपी केलेलं साधारण तासाभराने आपोआप जातं, पिन केलं तरच टिकतं. तासाचं मला पटलंय, नाहीतर कुणाकुणाचे नंबर आणि ओटीपी तिथे साठत राहिले असते. मी पिन करून ठेवलेत तालुक्यातल्या मोठ्या गावांची नावं एका ओळीत, सभेच्या बातमीचा नेहमीचा शेवट ('यावेळी ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते', हसू नका, तुम्हीही वाचलंय हे), आणि दोन शुभेच्छा-संदेश. या दोन संदेशांनी एकदा माझी अब्रू काढली. एक होता वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांचा आणि शेजारीच भावपूर्ण श्रद्धांजलीचा. दोन्हीची सुरुवात 'आमचे मार्गदर्शक, सर्वांचे लाडके' अशी, आणि पिनच्या चौकटीत सुरुवातच दिसते. वैराग भागातल्या एका कार्यकर्त्याच्या वाढदिवसाला, तीनशे माणसांच्या ग्रुपवर, मी श्रद्धांजली वाहिली. अर्ध्या मिनिटात डिलीट केली पण तेवढ्यात त्याच्या मेव्हण्याचा फोन आला, "भाऊ, काय झालं आमच्या पाव्हण्याला?" यात कीबोर्डचा दोष शून्य, माझाच. श्रद्धांजलीची पिन त्याच दिवशी काढली.

ट्रान्सलेट मी बातमी करायला वापरत नाही, तसं भाषांतर छापलं तर लोक पेपर फेकून मारतील. इंग्रजीत आलेल्या पत्रातला एखादा शब्द अडला तर बघायला ठीक, आणि परराज्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याला मेसेज पाठवायचा असेल तर वर मराठी लिहायचं, खाली थेट इंग्रजी उतरतं. तेवढंच.

वन-हँडेड म्हणजे कीबोर्ड आवळून एका बाजूला घेणं. एका हातात छत्री किंवा गाडीचं हँडल असलं (गाडी थांबलेली हं) की अंगठा पोचतो. फ्लोटिंगमध्ये कीबोर्ड सुटून स्क्रीनभर तरंगतो, मोठ्या टॅबवर कुणाला लागत असेल, मला नाही लागला.

आता तक्रारी. स्वतःचं बटण बनवता येत नाही, जे दिलंय त्यातलंच वर-खाली करायचं. मला 'बार्शी, प्रतिनिधी' असं एक बटण पाहिजे होतं. त्यावर तोडगा म्हणजे सेटिंगमधल्या डिक्शनरीत, पर्सनल डिक्शनरीत मराठीखाली शब्द घालून त्याला शॉर्टकट द्यायचा, 'बाप्र' लिहिलं की सूचनांमध्ये पूर्ण मजकूर येतो. चालतं, पण बटण ते बटण. दुसरं, भाषेप्रमाणे वेगळी पट्टी ठेवता येत नाही. इंग्रजीत मेल लिहिताना मला बाण लागत नाहीत, तरी तेच पुढ्यात.

पण निदान हलवू तरी देतात. एका ऑफिसचं बातम्या पाठवायचं ॲप होतं, नाव घेत नाही, पोटाचा प्रश्न आहे. त्यात एका अपडेटनंतर 'पाठवा' होतं तिथे 'मसुदा काढून टाका' आलं. बोटाला जागा पाठ असते हो, डोळ्याला नाही. पांगरीच्या गारपिटीची बातमी, शेतकऱ्यांशी बोलून लिहिलेली, साडेनऊला रात्री गेली ती गेलीच, परत आठवून लिहिली तेव्हा दहा वाजून गेले होते. तेव्हापासून बातमी आधी फोनच्या नोट्समध्ये लिहितो आणि मग चिकटवतो, क्लिपबोर्ड पट्टीत असण्याचं अर्धं कारण तेच.

पाचपैकी साडेचार द्यायला हरकत नाही, अर्धा त्या न बनणाऱ्या बटणासाठी कापला. फुकट आहे, फोनमध्ये बहुतेक आधीच असेल, पाच मिनिटं काढून एकदा लावून बघा. फक्त घरात लहान मुलं असतील तर जपून. काल रात्री मुलीने फोन घेतला होता, आज सकाळी पाणीटंचाईची बातमी टाकताना सवयीने डावीकडचं पहिलं बटण दाबलं, तर बाणांच्या जागी नाचणारं मांजर.