रिसीव्ह रिंगचे बफर: स्वतः फिरवायचे की पेज पूलकडे सोपवायचे?

२०२७ चा सिंहस्थ जवळ आल्यापासून नाशिकच्या अंबड-सातपूर पट्ट्यात कॅमेऱ्यांसाठी छोटे रेकॉर्डर आणि गेटवे बनवणाऱ्यांची संख्या वाढली आहे. आम्हीही तेच करतो. खांबावरच्या पेटीत एक छोटा बोर्ड, त्याला आठ कॅमेरे, आणि आत लिनक्स. चिपसोबत मिळालेला नेटवर्क ड्रायव्हर टेबलावर छान चालतो. सगळे कॅमेरे जोडून पेटी रात्रभर चालू ठेवली की मात्र बऱ्याच जणांना ड्रायव्हरच्या रिसीव्ह बाजूला हात घालावा लागतो. तिथे पहिला निर्णय मेमरीचा असतो. पॅकेट ज्या बफरमध्ये उतरतात ते बफर आणायचे कुठून, आणि वरच्या स्टॅकने (कर्नलच्या पॅकेट हाताळणाऱ्या थराने) वापरून झाल्यावर ते परत कसे मिळवायचे?

हा निर्णय मी घेतलेला आहे, म्हणून लिहितो. डिस्क्रिप्टर रिंग (बफरच्या पत्त्यांची गोल रांग), नॅपी (आलेली पॅकेट गठ्ठ्याने उचलण्याची कर्नलची पद्धत), डीएमए मॅपिंग (उपकरणाला थेट मेमरीत लिहिता यावं म्हणून करायची जोडणी) हे तुम्हाला साधारण माहीत आहे असं धरून चालतो.

सगळ्यात साधा मार्ग लगेच बाजूला ठेवता येतो. प्रत्येक पॅकेटला नवा बफर घ्यायचा, मॅप करायचा, पॅकेट आलं की अनमॅप करून वर द्यायचा, आणि त्या जागी पुन्हा नवा बफर. कोड छोटा होतो आणि वाचणाऱ्याला एका बैठकीत कळतो. १०० मेगाबिटच्या पोर्टवर पूर्ण आकाराची पॅकेट सेकंदाला फार तर ८,१२७ येतात. तेवढ्यासाठी हा मार्ग पुरेसा आहे, आणि तुमचं काम तिथेच संपत असेल तर पुढे वाचायची गरजही नाही. गिगाबिटवर हाच आकडा ८१ हजारांच्या वर जातो. तिथे प्रत्येक पॅकेटमागे मॅप-अनमॅप करणं छोट्या प्रोसेसरला जड जातं.

खरी तुलना उरलेल्या दोन मार्गांची आहे: ड्रायव्हरने स्वतःच पेज (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) फिरवायची, किंवा ते काम कर्नलच्या पेज पूलकडे, म्हणजे पेज सांभाळून पुन्हा वापरायला देणाऱ्या तयार सोयीकडे, द्यायचं.

स्वतः फिरवण्याची पद्धत जुनी आणि मुरलेली आहे. इंटेलच्या आयजीबी आणि आयएक्सजीबीई ड्रायव्हरांनी ती अनेक वर्षं वापरली आणि आपल्यापैकी अनेकजण तो कोड वाचूनच शिकले. ४०९६ बाइटच्या पेजचे दोन भाग करायचे. एका अर्ध्यात पॅकेट आलं की तो अर्धा स्टॅककडे द्यायचा आणि दुसरा अर्धा मोकळा आहे का ते पेजच्या रेफकाउंटवरून (ते किती जणांनी धरलं आहे त्या मोजणीवरून) पाहायचं. मोकळा असेल तर तेच पेज, मॅपिंग न मोडता, पुन्हा रिंगमध्ये. सगळं सुरळीत चालत असताना ड्रायव्हर जवळजवळ नवी मेमरी मागतच नाही. १५०० च्या एमटीयूला (पॅकेटच्या कमाल आकाराला) २०४८ बाइटचा अर्धा भाग पुरतो, शेवटची एसकेबीची (कर्नल प्रत्येक पॅकेटसाठी ठेवतो त्या नोंदीची) माहिती धरूनसुद्धा. ही रचना मला आजही सुंदर वाटते, आणि ज्यांनी ती निवडली आहे त्यांना ती सोडा असं मी सहजासहजी सांगणार नाही.

पण एक गोष्ट मला खटकत राहिली, आणि माझ्या बाबतीत निर्णय तिच्यावरच झाला.

पेज परत वापरता येईल का, हे ड्रायव्हर फक्त एकाच क्षणी विचारतो: त्या पेजवर पुढचं पॅकेट येतं तेव्हा. दुसरा अर्धा त्या क्षणी अजून कुणाच्या सॉकेटमध्ये (प्रोग्रॅमने वाचायच्या पॅकेटच्या रांगेत) अडकलेला असेल, तर ड्रायव्हर पेजवरचा हक्क सोडतो, मॅपिंग मोडतो आणि नवं पेज मागतो. सोडलेलं पेज थोड्या वेळाने मोकळं झालं तरी ते सर्वसाधारण मेमरीत मिसळून जातं. ड्रायव्हरला त्याचा पत्ता राहत नाही.

आता आमच्या पेटीचं गणित पाहा. आठ कॅमेरे, प्रत्येकी साधारण ४ मेगाबिट, म्हणजे सगळे मिळून १४०० बाइटची सेकंदाला २,८५० च्या आसपास पॅकेट. रिंगमध्ये २५६ डिस्क्रिप्टर. म्हणजे एक पूर्ण फेरी ९० मिलिसेकंदांत होते. रेकॉर्डर प्रोसेसने तेवढ्या वेळात पॅकेट वाचून मोकळं केलं तर पेज परत मिळतं, नाहीतर गेलं. कॅमेरे सोळा केले की ही मुदत ४५ मिलिसेकंदांवर येते. आणि रेकॉर्डर अडतो कधी? फ्लॅशवर लिहिताना. स्वस्त फ्लॅश कार्ड मधूनच आतली आवराआवर काढतं आणि लिहिणाऱ्याला ताटकळत ठेवतं. ९० मिलिसेकंद ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट नाही.

म्हणजे सगळं ठीक असताना पुनर्वापर उत्तम चालतो. रेकॉर्डर मागे पडतो, सॉकेटच्या रांगा भरतात, मेमरीवर ताण येतो, आणि नेमक्या त्याच वेळी ड्रायव्हर दर पॅकेटला नवं पेज मागायला, मॅप करायला आणि जुनं अनमॅप करायला लागतो, तेही इंटरप्टच्या संदर्भात, थांबण्याची मुभा नसलेल्या मागणीने. अडचण संपली की पुन्हा शांत. पुढच्या अडथळ्याला तेच सगळं पहिल्यापासून, कारण मागच्या वेळी वाढीव घेतलेली पेज कुणीच जपून ठेवलेली नसतात. टेबलावरच्या चाचणीत हे दिसत नाही, कारण तिथे वाचणारा नेहमी वेगवान असतो. रिंग मोठी करून मुदत वाढवता येते, मीही वाढवून पाहिली. त्याने हा प्रकार विरळ होतो, थांबत नाही.

पेज पूलचा मूळ विचार याच्या उलट दिशेने जातो. जेस्पर ब्राउअर यांनी तो मुख्यतः एक्सडीपीसाठी (ड्रायव्हरच्या पातळीवरच पॅकेट झटपट हाताळण्याच्या सोयीसाठी) लिहिला आणि २०१८ मध्ये ४.१८ कर्नलमध्ये आला. त्यात पेजवरच पूलची खूण असते. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकावर जसा शिक्का असतो, तशी. पेज कुठल्याही प्रोसेसरवर, कुठल्याही सॉकेटमधून, कितीही उशिरा मोकळं होवो. एसकेबी सोडणारा कोड ती खूण पाहतो आणि पेज पूलमध्ये परत करतो, डीएमए मॅपिंग शाबूत ठेवून. ड्रायव्हरला कुठलीही मुदत पाळावी लागत नाही. नॅपीच्या संदर्भात परत आलेलं पेज १२८ जागांच्या बिनलॉकच्या कॅशमध्ये जातं, बाहेरून आलेलं पूलच्या स्वतःच्या वेगळ्या रिंगमध्ये, आणि कॅश रिकामी झाली की ती त्या रिंगमधून भरून घेतली जाते.

रेकॉर्डर अडला की पूललाही नवी पेज घ्यावीच लागतात, हे मोकळेपणाने सांगायला हवं. पूल काही हवेतून मेमरी आणत नाही. फरक त्यानंतर दिसतो. अडथळा सरला की ती सगळी पेज, मॅपिंगसकट, पूलच्या रिंगमध्ये येऊन बसतात आणि पुढच्या अडथळ्याला तीच कामाला येतात. सॉकेटच्या रांगेला मर्यादा असते, त्यामुळे किती पेज बाहेर अडकू शकतील यालाही मर्यादा आहे. एकदा पूल तेवढा वाढला की पुढे वाढायचं कारण उरत नाही. आमच्या पेटीत मी हे ईथटूल या ड्रायव्हरची आकडेवारी दाखवणाऱ्या साधनात पाहिलं: पूलला नवी पेज किती वेळा मागावी लागली हे मोजणारा ‘स्लो’ हा आकडा सुरुवातीला चढला, पहिल्या मोठ्या अडथळ्याला अजून चढला, आणि मग जवळजवळ जागेवर राहिला. याला कुणी शास्त्रशुद्ध मोजमाप म्हणू नये. तुमचा बोर्ड, तुमचं कार्ड वेगळं असेल. पण स्वतः फिरवण्याच्या पद्धतीत हा आकडा स्थिर झालेला मी कधी पाहिला नाही.

ही मोजणी आयती मिळते हाही फायदाच. कर्नल ५.१८ पासून पूलची आकडेवारी कर्नलच्या पर्यायात आहे, आणि ६.८ पासून नेटलिंकवरून (प्रोग्रॅमने कर्नलशी बोलण्याच्या मार्गाने) किती पेज बाहेर आहेत तेही विचारता येतं. स्वतःच्या पद्धतीत हे सगळे काउंटर आपणच लिहायचे, आणि ते बरोबर आहेत हेही आपणच सिद्ध करायचं.

प्रोसेसरच्या कॅशच्या बाबतीत दोन्ही मार्ग जवळजवळ सारखे निघू शकतात, पण कष्ट वेगळे. आमच्या चिपवर इथरनेटचा डीएमए प्रोसेसरच्या कॅशशी सुसंगत नाही, म्हणजे प्रत्येक बफरच्या कॅश ओळी हाताने साफ कराव्या लागतात. ६४ बाइटच्या ओळी धरल्या तर पूर्ण पेजला ६४ आणि १४०० बाइटच्या पॅकेटला २२. जेवढं पॅकेट आलं तेवढंच सिंक करायचं, म्हणजे तेवढ्याच ओळी साफ करायच्या, हा यातला सगळा फायदा. पूलला योग्य फ्लॅग आणि कमाल लांबी दिली की उपकरणाच्या बाजूचं सिंक तो स्वतः करतो, आणि परत करताना किती भागाला हात लागला ते सांगितलं तर तेवढ्यापुरतंच करतो. स्वतः करताना हेच साधता येतं, पण अनमॅप करताना सिंक टाळण्याचा अ‍ॅट्रिब्यूट देणं आणि तो सगळ्या एरर वाटांवर पाळणं तुमच्या अंगावर येतं.

पूलच्या तक्रारीही आहेत, आणि त्या दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. पहिली जागेची. सोप्या वापरात एका पॅकेटला एक पूर्ण पेज जातं, आणि सॉकेटच्या हिशोबात पॅकेट किती बाइटचं आहे ते नाही, बफर किती मोठा आहे ते धरलं जातं. सॉकेटची नेहमीची मर्यादा २,१२,९९२ बाइट. पूर्ण पेज धरलं तर त्यात पन्नासच्या आत पॅकेट मावतात; अर्ध्या पेजमध्ये नव्वदच्या वर. आमच्या एका कॅमेऱ्यासाठी पहिल्या हिशोबात १४० मिलिसेकंदांच्या आतच रांग भरते, दुसऱ्यात अडीचशेच्या आसपास. त्यामुळे पूल लावल्यावर मेमरी व्यवस्थित आणि पॅकेट मात्र जास्त गळतात, असा विचित्र अनुभव येऊ शकतो. उपाय दोन: सॉकेटची मर्यादा वाढवा, किंवा पूलकडून पेजचे तुकडे घ्या. तुकड्यांची सोय ५.१५ पासून आहे. मी तुकडे घेतो आणि मर्यादाही वाढवतो.

दुसरी तक्रार बंद करतानाची. इंटरफेस खाली घेताना पूल मोडायला निघावा आणि काही पेज अजून एखाद्या सॉकेटमध्ये असावीत, तर पूल त्यांची वाट पाहतो आणि मिनिटामिनिटाला कर्नल लॉगमध्ये ‘स्टॉल्ड पूल शटडाउन’ असा इशारा लिहितो. एमटीयू किंवा रिंगचा आकार बदलतानाही अनेक ड्रायव्हर पूल नव्याने बांधतात, तेव्हाही हे होऊ शकतं. ग्राहकाच्या माणसाने लॉग पाहिला की फोन येतो. त्याला दोष देता येत नाही. इशारा घाबरवणाराच दिसतो. पण तो खरं तेच सांगतो: कुणीतरी पॅकेट धरून बसलं आहे. जुन्या पद्धतीत तेच पॅकेट तितकंच अडकलेलं असायचं, फक्त कुणी बोलत नव्हतं. मला बोलणारा बरा वाटतो.

एक गोष्ट दोन्ही मार्गांना सारखीच लागू आहे, आणि ती कुठलाही मार्ग घेतला तरी आधी तपासा. नवा बफर मिळाला नाही तर ड्रायव्हर काय करतो? आलेलं पॅकेट वर देऊन रिंगमध्ये भोक सोडत असेल, तर अशी भोकं साठत जाऊन एक दिवस रिंग पूर्ण रिकामी होते. मग पॅकेट उतरायला जागा नाही, म्हणून इंटरप्ट नाही, म्हणून रिंग पुन्हा भरली जात नाही. लिंकचा दिवा चालू आणि पेटी मुकी. आधी नवा बफर मिळवा. नाही मिळाला तर आलेलं पॅकेट सोडून द्या आणि जुनाच बफर जागेवर ठेवा. एक पॅकेट गेलेलं परवडतं.

माझं मत कुठे झुकतं ते आता लपत नाही. वाचणारा कधीतरी मागे पडणार असेल, आणि रेकॉर्डरमध्ये तो पडतोच, तर मी पेज पूल घेतो. तुमचा गेटवे पॅकेट लगेच पुढे ढकलत असेल, काही साठवत नसेल, तर अर्ध्या पेजची जुनी पद्धत तितकीच चांगली चालेल आणि चालू ड्रायव्हर मोडण्यात मला अर्थ दिसत नाही. नवा ड्रायव्हर मात्र आता कुणी जुन्या पद्धतीने सुरू करू नये, असं वाटतं, इंटेलनेही ६.१० मध्ये आपला आयएव्हीएफ ड्रायव्हर पेज पूलवर नेला.

हे सगळं एका अटीवर. एसकेबीमधून गेलेली पेज पूलमध्ये परत येण्याची सोय ५.१४ पासून आहे, २०२१ मध्ये आलेली. चिपवाल्यांनी दिलेला कर्नल ५.१० वर अडकला असेल, तर तिथेही पेज पूल नावाने सापडेल, पण स्टॅककडे पाठवताना पेज पूलमधून सोडवून अनमॅप करावं लागतं आणि आपल्याला हवा तो फायदा उरत नाही. अशा वेळी ड्रायव्हरवर मेहनत घेण्याआधी तीच मेहनत कर्नल ५.१५ किंवा त्यापुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर नेण्यात घाला. तेही शक्य नसेल तर ५.१० वर अर्ध्या पेजची पद्धत ठेवा, रिंग ५१२ ची करा, आणि रेकॉर्डरमध्ये सॉकेट वाचणारा थ्रेड व फ्लॅशवर लिहिणारा थ्रेड वेगळे काढा, म्हणजे कार्ड अडलं तरी सॉकेट रिकामं होत राहील.