चुंबक चिकटलं नाही म्हणून

दिवाळीआधी एरंडोलजवळ रात्री रोही (नीलगाय) आडवा आला आणि गाडीचं बोनेट मधोमध चेपलं. जळगावच्या आमच्या डेंटरने तेव्हाच सांगितलं होतं, "भाऊ, पत्र्याचंच घ्या, रंग मारून देतो, विषय संपला." पण माझ्या डोक्यात कार्बन फायबर शिरलेलं, म्हणजे कार्बनच्या काळ्या धाग्यांचं विणलेलं, हलकं आणि महागडं बोनेट. धुळ्याकडे हायवेवर एका दुकानात काळी चौकटीची वीण चमकताना दिसली आणि मी गेलो कामातून.

दुकानदाराने खिशातून चुंबक काढलं. माझ्या चेपलेल्या बोनेटला खट्‌कन चिकटलं, नव्याला लावलं तर घसरून खाली पडलं. "बघा दादा, ओरिजिनल!" मी २६,००० रुपये मोजले. अहो, चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, मोरीतल्या बादलीलाही नाही. हे लोखंड नाही, एवढंच त्याने दाखवलं. बाकीचं मी माझ्याच मनाने धरलं.

हिवाळ्यात ऐंशीच्या पुढे गाडी नेली की बोनेटचा काठ थरथरायचा, तिकडे काणाडोळा केला. मे महिन्यात मात्र, पारा ४५ च्या आसपास आणि खाली तापलेलं इंजिन, काठ लाटेसारखा उठला. वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, पिवळा पडला. पिवळं तर खरं कार्बनही पडतं, वरचा कोट उन्हाला टिकणारा नसेल तर. पण बिजागरीजवळ तडा गेला, त्यातून पांढरे धागे डोकावत होते.

डेंटरने बोनेट उलटं केलं आणि आतल्या काठावर पॉलिश पेपर घासला. बोटावर पांढरी भुकटी. "भाऊ, हाई कार्बन नही शे." कार्बनची भुकटी काळी पडते. मग वीज गेली की वाजणाऱ्या मल्टिमीटरच्या दोन वायरी त्या घासलेल्या जागी टेकवल्या, आवाज नाही. कार्बनमधून वीज जाते, काचेतून नाही. वर दाखवायला कार्बनचा एक पातळ थर, खाली सगळी काचेच्या धाग्यांची चटई आणि ती घट्ट धरणारं रेझिन, म्हणजेच फायबरग्लास. घेण्याआधी बोनेट उलटं करून बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

फायबरग्लास वाईट असतं असं नाही. आमच्या कूलरची टाकी त्याचीच आहे, दहा वर्षं झाली. फक्त त्याचे पैसे कार्बनच्या भावाने द्यायचे नसतात. शिवाय विमा एजंटने नंतर सांगितलं की फायबरग्लासच्या भागाला दाव्यात ३० टक्के घसारा (झिजेपोटी किंमत) कापतात, आणि मी तर हा बदल कंपनीला कळवलाही नव्हता.

तडकलेलं बोनेट डिकीत बसेना, म्हणून टपावर बांधून परत धुळ्याकडे गेलो. दुकानदाराने चहा मागवला. "दादा, मी कार्बन कधी म्हटलं? कार्बन लूक म्हटलं." मी पाकिटातून बिल काढलं. त्यावर निळ्या पेनाने लिहिलं होतं : बोनेट काळं, १ नग.