ड्यूकपेक्षा दुकानासाठी पुन्हा वाचावी अशी प्रेमकथा

लोरेटा चेस यांची ‘सिल्क इज फॉर सिडक्शन’ ही २०११ साली प्रकाशित झालेली कादंबरी मी पावसाळ्याच्या तोंडावर किंडलवर वाचली आणि नंतरच्या महिन्यांत तिच्याकडे पुन्हापुन्हा वळले. ऐतिहासिक प्रेमकथा मी सहसा एकदाच वाचून हातावेगळ्या करते. ही मात्र टिकली, आणि त्याचे श्रेय त्यातल्या देखण्या ड्यूकला नसून नायिकेच्या दुकानाला आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

कथा १८३५ सालची आहे. मार्सेलिन नुआरो ही पदरी लहान मुलगी असलेली विधवा, लंडनमध्ये आपल्या दोन बहिणींसह उंची कपडे शिवण्याचा व्यवसाय करते. ती पॅरिसला जाते ती प्रेमात पडायला नव्हे, तर गिऱ्हाईक गाठायला. क्लेव्हडनचा ड्यूक लेडी क्लाराशी लग्न करणार हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. ही भावी डचेस आपल्याकडेच कपडे शिवू लागली की तिच्यामागोमाग बाकीच्या उमरावांच्या बायकाही येतील, असा मार्सेलिनचा सरळ हिशेब असतो. पुढे काय होते ते या प्रकारच्या वाचकांना सांगायला नको.

पुनर्वाचनात मी रेंगाळते ती कपड्यांपाशी. त्या सुमारास युरोपातील स्त्रियांच्या बाह्या इतक्या फुगीर असत की त्यांचा आकार टिकावा म्हणून आत पिसांच्या छोट्या उशा बांधाव्या लागत. शिवणयंत्र अजून दुकानांत पोहोचले नव्हते. शिवणयंत्र बनवणारे फ्रेंच शिंपी तिमोनिए यांच्या यंत्रांची पॅरिसमधील इतर शिंप्यांनी पोटावर पाय येईल या भीतीने १८३१ मध्येच मोडतोड केली होती. म्हणजे चुण्या, झालरी, अस्तर सारे हातशिलाईचे. हे ध्यानात ठेवून वाचले की मार्सेलिनची नजर कळते. समोरच्या बाईला पाहताच तिला कोणता रंग फिका पाडतो आणि कोणत्या बेतात तिचा बांधा खुलेल, हे ती आधी ताडते, आणि ती बाई कोणत्या घराण्यातली याचा विचार मागाहून करते. एक बहीण हिशेब सांभाळते, दुसरी वर्तमानपत्रात दुकानाच्या पोशाखांची रसभरीत वर्णने छापून आणते. ही जाहिरातीची युक्ती मला प्रणयप्रसंगांइतकीच रंजक वाटली.

म्हणूनच नायिकेने ड्यूकला दिलेला नकार मला नखरा वाटला नाही. ड्यूकशी नाव जोडले गेले, तर ज्या प्रतिष्ठित बायकांवर दुकान चालते त्याच पाठ फिरवतील, ही भीती कादंबरीत स्पष्ट आहे. त्यात १८७० आणि १८८२ चे विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे येईपर्यंत इंग्लंडमध्ये बायकोची कमाई कायद्याने नवऱ्याची होई. लेखिका या कायद्याचा कीस काढत बसत नाही, पण आपण जाणून असलो की लग्नाच्या मागणीच्या प्रसंगाला वेगळीच धार चढते.

उणिवा आहेत. शेवटी उच्चभ्रू समाज ज्या सहजतेने वळवला जातो, ते पचायला जड आहे. दुकानात राबणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या मुली जवळजवळ पडद्याआडच राहतात. उच्चभ्रूंच्या मेजवान्या-नृत्यांच्या हंगामात लंडनच्या अशा मुली दिवसाला पंधरा-अठरा तास सुई चालवत असत, हे १८४३ च्या सरकारी चौकशी अहवालात नोंदलेले आहे. त्यांच्यातल्या एकीला तरी चार पाने मिळायला हवी होती. शृंगार मोकळेपणाने लिहिलेला आहे, तेव्हा ज्यांना तो नको असेल त्यांनी वाटेला जाऊ नये. इंग्रजी सोपे नाही, पण संवाद इतके चुरचुरीत आहेत की अडखळायला होत नाही.

सर्वांत जास्त खटकली ती लेडी क्लाराची बोळवण, कारण ती तोवर चांगलीच जिवंत झालेली असते. ही उणीव मात्र पुढे भरून निघते: चार पुस्तकांच्या या मालिकेत शेवटच्या पुस्तकाची नायिका क्लाराच आहे.