अंतरा इंजेक्शन थांबवल्यानंतरचे तेरा महिने

मार्च 2022 ते मार्च 2023 या काळात मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका सरकारी दवाखान्यात अंतरा या गर्भनिरोधकाची पाच इंजेक्शने घेतली. केंद्र सरकारने 2017 मध्ये आणलेले हे इंजेक्शन मोफत मिळते, दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते आणि अंगावर दूध पाजणाऱ्या आईलाही चालते, म्हणून मुलगी सव्वा वर्षाची असताना मी ते निवडले. गर्भनिरोधक म्हणून त्याने कधी दगा दिला नाही. दुसऱ्या इंजेक्शनानंतर पाळी बंद झाली आणि वर्षभरात वजन चार किलोंनी वाढले, तेवढे मी चालवून घेतले. माझी तक्रार आहे ती नंतरच्या काळाविषयी.

"वहिनी, तीन महिन्यांची सुई आहे, सोडली की झालं," असे आमच्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीने, सांगितले होते. त्याचा मी सरळ अर्थ लावला, की जूनचे इंजेक्शन घेतले नाही तर जुलैपासून दिवस राहू शकतील. प्रत्यक्षात या इंजेक्शनातले मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्नायूत साठून सावकाश रक्तात उतरत असते, आणि तीन महिने ही संरक्षणाची खात्री देणारी मुदत आहे, औषध अंगातून निघून जाण्याची नव्हे. शेवटच्या इंजेक्शनापासून गर्भ राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात, काहींना वर्षाहूनही अधिक. हे सगळे कार्डासोबत मिळालेल्या पत्रकात होते. पण पत्रक कन्नडमध्ये, आणि माझे कन्नड बसची पाटी वाचण्यापुरते. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या सातवीतल्या मुलाकडून ते वाचून घ्यायला बसले, तेव्हा तिसऱ्या ओळीत त्याचा आवाज अडखळला आणि मी घाईने कागद काढून घेतला. उरलेला मजकूर यजमानांनी उद्यमबागेतल्या आपल्या कारखान्यातील मित्राकडून समजावून घेतला. सीमाभागात भाषेवरून एवढे वाद होतात, पण बाईच्या हातात पडणारा हा एक कागद दोन्ही भाषांत असावा, असे कोणाला वाटलेले दिसत नाही.

मधले महिने कठीण गेले. पाळी येण्याआधीही बीज सुटू शकते, त्यामुळे पाळी नाही म्हणजे दिवस राहिले नाहीत, असे धरता येत नाही. म्हणून दर महिन्याला औषधाच्या दुकानातून पट्टी आणून पहाटे तपासायची आणि एकच रेघ पाहून चुलीत टाकायची. सप्टेंबरमध्ये नुसते डाग दिसले, नीट पाळी आली ती नोव्हेंबरमध्ये. तोवर सासूबाईंनी "सुईनं पिशवी सुकली" असा निकाल देऊन टाकला होता. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी या इंजेक्शनाने कायमचे वंध्यत्व येत नाही असे स्पष्ट सांगितले, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या, थायरॉईड तपासले आणि यजमानांच्या वीर्याची तपासणीही लिहून दिली. ती तपासणी यजमान दोन महिने टाळत राहिले. शेवटी केली, तर सगळे व्यवस्थित निघाले.

पाळी सुरू झाली तरी ती कधी सव्वीस, कधी अडतीस दिवसांनी येई, त्यामुळे मधल्या दिवसांचा हिशेब कॅलेंडरवर जमेना, आणि जमला तर नेमकी त्याच आठवड्यात यजमानांची रात्रपाळी. एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे शेवटच्या इंजेक्शनानंतर तेराव्या महिन्यात, दिवस राहिले. हे लिहिताना पाचवा महिना सुरू आहे.

दोन मुलांत तीन-चार वर्षांचे अंतर हवे असणारीला हे इंजेक्शन मी आजही सुचवीन. मात्र ठराविक सुमारास दिवस राहायला हवे असतील, तर शेवटची सुई त्याच्या निदान वर्षभर आधी घ्यावी. माझ्या नणंदेला पुढच्याच वर्षी मूल हवे आहे, म्हणून तिला मी तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) सुचवली, कारण ती काढल्यावर असे थांबावे लागत नाही. आशाताईंनी मला बाळंतपणानंतर काय घेणार म्हणून विचारले, तेव्हा या खेपेला मीही तांबीच सांगितली आहे.