सकाळी येऊ नका, दुपारी या: जुनं इंजिन घेताना झालेली फसवणूक

आमची टेम्पो ट्रॅव्हलर २००३ची, बजाज टेम्पोच्या काळातली. मागच्या सीटा काढून आत दोन बर्थ, पाण्याची टाकी आणि शेगडी बसवली, कारण आईला बसून लांबचा प्रवास जमत नाही. सौंदत्ती, जोतिबा, पंढरपूर, सगळं तिनं याच गाडीत आडवं होऊन केलंय. मे महिन्यात चोर्ला घाटाच्या चढाला पाणी उकळलं आणि तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन जाम झाला.

गाडीत ओएम ६१६, मर्सिडीजच्या परवान्यावर इथं बनलेलं २.४ लिटरचं साधं डिझेल इंजिन. नवं कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन बसवावं असं माझ्या डोक्यात होतं. बेळगावातल्या उद्यमबागच्या आमच्या मिस्त्रींनी तो विचार मोडीत काढला. वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), माउंटिंग सगळं बदलायचं, आणि घाटात बंद पडलं तर हात कोण लावणार? आपलाच ब्लॉक बोअर करूया, म्हणजे सिलिंडर थोडे मोठे कापून जाडे पिस्टन बसवूया, महिना लागेल, म्हणाले. आषाढी तोंडावर होती. मला महिना थांबायचं नव्हतं.

एका ड्रायव्हरनं हद्दीपलीकडचा, हायवेलगतचा एक माणूस सुचवला. तो फोनवर म्हणाला, "ॲक्सिडेंट गाडीचं इंजिन हाय, सत्तर हजार किलोमीटर, एकदाबी खोललेलं न्हाई. सकाळी येऊ नका काका, दुपारी या. सकाळचं पोरगं नसतंय."

मिस्त्रींना त्या दिवशी सवड नव्हती, मी एकटाच गेलो. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर, चंदेरी रंग मारलेलं, बॅटरी जोडून तयार. अर्ध्या सेल्फला उठलं. आवाज गोल, धूर नाही. हेडला हात लागला तेव्हा ते कोमट होतं, आणि मी ते मनावर घेतलं नाही. डिझेल इंजिनाचं दुखणं थंड असतानाच कळतं. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबून तापवायची ताकद, गेलेलं इंजिन सकाळी हीटर प्लग तापवूनही पटकन उठत नाही, उठलं तर पांढरा धूर ओकतं. एकदा तापलं की कमी कम्प्रेशनवरही डिझेल पेट घेतं. म्हणून मला दुपारी बोलावलं होतं. ८५ हजार रोख दिले. बिल मागितलं तर "दोन राज्यांची जीएसटीची भानगड" म्हणून कोऱ्या कागदावर चिठ्ठी, तीही सहीशिवाय.

गाडीत चढवण्याआधी मिस्त्रींनी ऑइल काढलं. ते बोटावरून ओघळेचना. गिअरबॉक्समधलं नव्वद नंबरचं ऑइल भरलं होतं, बेअरिंगचा ठोका आणि धूर दाबायला. योग्य ऑइल घालून चालू केल्यावर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, भकाभका धूर. कम्प्रेशनचा गेज लावला, चार सिलिंडरचे आकडे: २१, १९, १३, १२. पंधराच्या खाली गेलं की खोलायचंच, असं मिस्त्री म्हणाले. हेड उतरवलं तर दोन व्हॉल्व्हच्या मधे चीर आणि पिस्टनच्या डोक्यावर ०.५० असा जाड्या मापाचा छाप. म्हणजे कधीही न खोललेलं हे इंजिन आधीच एकदा बोअर झालेलं.

पैशांपेक्षा मला हादरवलं ते इंजिन नंबरानं. जागा ग्राइंडरनं घासून वर नवे आकडे ठोकलेले, ओळसुद्धा वाकडी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. असा नंबर कोण चढवणार? इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पहिला जाब मलाच. त्या माणसाला फोन केला, तर "मी तुम्हाला कधी दिलं? बिल दाखवा." मी लेखी तक्रार करून इंजिन पोलीस ठाण्यात जमा केलं.

आता आमचाच ब्लॉक बोअरला दिलाय. आईची आषाढी हुकली. ती काही बोलली नाही, पण पिशवी अजून भरलेलीच आहे.

कुणाला जुनं इंजिन घ्यावंच लागलं, तर सकाळी सातला, न कळवता जा. आधी हेडला हात लावा, मगच सेल्फ मारायला सांगा. डिपस्टिकचं ऑइल बोटावर घ्या. इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो छाप ज्या गाडीचं इंजिन म्हणतात तिच्या आरसीशी ताडून बघा. आरसी नसेल तर परत फिरा.

माझ्याकडं तक्रारीची पोच आहे. असंच दुपारी बोलावून, चंदेरी रंगातलं इंजिन आणखी कुणाला विकलं असेल तर मला कळवा. दोघं-तिघं मिळून गेलो तर त्याला "बिल दाखवा" म्हणणं जड जाईल.