पितळ सांगून जस्त विकलं : क्रॉलरच्या अ‍ॅक्सलमध्ये माझे २२,८८० रुपये गेले

क्रॉलर म्हणजे दगडांवर चढवायची रिमोटची छोटी गाडी. तिच्या अ‍ॅक्सलसाठी ग्रुपमधल्या एका विक्रेत्याला मी दिले : आगाऊ ९,२५०. माल निघायच्या आधी उरलेले ९,२५०. वर ‘कस्टम’चे म्हणून ४,३८०. एकूण २२,८८० रुपये. हे पैसे घेऊन त्या माणसाने मला पार्सल पाठवलं, आणि हीच त्याची खरी चलाखी आहे. काहीच पाठवलं नसतं तर निदान सरळ फसवणूक म्हणून नोंद झाली असती. डब्यात काहीतरी आलं म्हटल्यावर पोलीस, बँक, कुरिअर सगळे एकच विचारतात, “वस्तू मिळाली ना?”

माझ्याकडे अ‍ॅक्सियलची एससीएक्स१० टू क्रॉलर आहे, २०१६ साली आलेलं मॉडेल. तिचे एआर४४ अ‍ॅक्सल सरळ, हाउसिंग (बाहेरचं कवच) प्लास्टिकचं. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत कातळाच्या कडेवर गाडी घातली की मधला डिफ (डिफरन्शियल गिअरचा फुगीर भाग) दगडावर टेकतो आणि चाकं नुसती फिरत राहतात. पोर्टल अ‍ॅक्सलमध्ये चाकाजवळ गिअरची जादा जोडी असते, त्यामुळे अ‍ॅक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर जाते आणि डिफ दगडावरून सुटतो. २०१७ मध्ये ट्रॅक्ससने टीआरएक्स-४ला कारखान्यातूनच पोर्टल दिले, तेव्हापासून ज्याच्या त्याच्या डोक्यात तेच आहे. पुढच्या नकलला (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या तुकड्याला) पितळ हवं, म्हणजे वजन खाली राहतं आणि चढावर गाडीचं नाक उचलत नाही. या माणसाने पुढचा-मागचा अख्खा सेट १८,५०० ला सांगितला : सीएनसी यंत्रावर कोरलेल्या अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, हार्डन केलेले स्टीलचे गिअर, पितळी नकल, जोडीचं वजन १८० ग्रॅम.

“अनोळखी माणसाकडून घेतलंच कशाला?” असं विचारणाऱ्यांनी आधी आपल्याकडे हे पार्ट कुठे मिळतात ते सांगावं. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेस ही चिनी खरेदीची साइट भारतात बंद झाली. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. दुकानदार पूर्ण गाड्या ठेवतात, पण अपग्रेडचे पार्ट दुकानात पडून राहतात म्हणून मागवत नाहीत. मग उरतात ती ‘ग्रुपमध्ये माल आणून देणारी’ माणसं. त्याच्याकडून आधी सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) आणि टायर घेतलेले दोघे मला माहीत होते, त्यांना चांगला माल मिळाला होता. माणूस मराठीत बोलायचा, ‘दादा’ म्हणायचा, लिंकची लांबी आणि पिनियनचा कोन यावर तासभर गप्पा मारायचा. अशा माणसावर कोण संशय घेईल?

आता तो फोटो. दुसरे ९,२५० देण्याच्या आदल्या रात्री त्याने नकलची जोडी काट्यावर ठेवून फोटो पाठवला. काट्यावर १४१ ग्रॅम. जाहिरातीत १८०. मी लगेच विचारलं, माझ्या मेसेजची वेळ आजही दिसते. उत्तर आलं, “दादा, हे बिना स्क्रू, बिना बेअरिंगचं वजन आहे.” आणि मी ‘ओके’ लिहिलं. एकोणचाळीस ग्रॅमचे स्क्रू आणि बेअरिंग! नकलच्या जोडीला जे बारीक स्क्रू लागतात आणि जी छोटी बेअरिंग बसतात, ती सगळी एकत्र तोलली तरी दहा ग्रॅम भरत नाहीत. हे मला पक्कं माहीत आहे, माझ्या ड्रॉवरमध्ये तेच स्क्रू पुड्यांनी पडलेत. ते उठून काढायचे, काट्यावर टाकायचे, दोन मिनिटांचं काम होतं. तो फोटो मी आता पुन्हा पुन्हा उघडतो आणि दर वेळी संताप येतो. पण त्या दिवशी रात्रपाळी करून आलो होतो, आणि उत्तर देणारा माणूस त्याच क्षणी याच सेटसाठी ‘आणखी गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणून घाई करत होता. हे घाई करणं हाच त्यांचा धंदा आहे.

यूपीआयवर नाव वेगळं आलं होतं. ‘मेव्हण्याचं खातं, माझी लिमिट संपली’ हे उत्तर तुम्हीही ऐकलं असेल. नाव जुळत नसेल तर एक रुपयाही टाकू नका. मग कस्टमचा फोन : पार्सल मुंबईत अडकलंय, आज भरले नाहीत तर परत जाईल. ७० टक्के शुल्क मला माहीत होतं, म्हणून ४,३८० खरे वाटले. कस्टम कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे घेत नाही. बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) किंवा कुरिअरची शुल्काची पावती मागा. खरा आयात करणारा ती लगेच पाठवतो.

डबा उघडला तर वरून सगळं चकचकीत, नकल पिवळी. हाउसिंगच्या कडेने मात्र साच्याची शिवण स्पष्ट. सीएनसी केलेल्या पार्टला शिवण नसते. नकलच्या आतल्या बाजूला कानस मारली, दोन घासण्यांत पिवळा रंग गेला आणि खाली करडा धातू. गिअरच्या दाताला लावली तर तिथेही चावली. हार्डन केलेल्या दातावरून कानस नुसती घसरायला हवी. लोहचुंबकाने तपासायला जाऊ नका, तो पितळालाही चिकटत नाही आणि जस्तालाही नाही. पाण्याने तपासा : छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नकल दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. जो आकडा येईल तेवढे घनसेंटिमीटर. माझी एक नकल ७०.४ ग्रॅम, पाण्यात आकडा १०.७. भागाकार ६.६. पितळ साडेआठच्या आसपास येतं. खात्री करायला पार्ट लावून खाणीत एक फेरी मारली, आणि गुडघाभर उंचीवरून गाडी पडल्याबरोबर डावी नकल किंगपिनच्या (ज्यावर ती वळते त्या खिळीच्या) भोकापाशी तडकली. आतला तुकडा दाणेदार, राखाडी.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “खेळण्यातल्या गाडीसाठी तेवीस हजार?” माझे पैसे मी कशावर खर्च करतो याचा गुन्ह्याशी काय संबंध? मग, “वस्तू आलीय, म्हणजे हा दिवाणी मामला.” मी तुटलेली नकल टेबलावर ठेवली. “पितळ का जस्त हे आम्ही कसं ठरवायचं? लॅबचा दाखला आणा.” आणला. खासगी लॅबचे १,७७० रुपये माझ्याच खिशातून. दाखल्यात स्वच्छ लिहिलंय, मुख्यतः जस्त, चारेक टक्के अ‍ॅल्युमिनियम. तो घेऊन गेलो तर टेबलावर दुसरे साहेब. ते म्हणाले, खातं परराज्यातलं आहे, तिकडे तक्रार द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, घ्यावी लागते. फसवून माल किंवा पैसे काढून घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) मध्ये बसतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मी, सामान्य माणसाने, त्यांना सांगायचं? आणि सांगितलं तर “मग वकील घेऊन या” असं ऐकायचं?

बँकेत त्याहून वाईट. “पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा.” संमती पितळासाठी होती! त्या खात्यात माझ्यासारख्या आणखी किती जणांचे पैसे आले असतील, ते निदान तपासा म्हटलं, तर उत्तर, “ती माहिती गोपनीय.” कुरिअरवाल्यांनी पाठवणाऱ्याचा पत्ता दिला नाही, डब्यावरचा पत्ता खोटा निघाला. म्हणजे चोराची माहिती गोपनीय, आणि माझं आधार, पॅन, खातेउतारा प्रत्येक टेबलावर पडलेला.

लेखी अर्जाची पोचपावती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. नोंद नाकारली तर तोच अर्ज टपालाने वरिष्ठांना पाठवा, १७३(४) मध्ये ती सोय आहे, मी पाठवलाय. शंका आली त्या तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, कारण पैसे खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात. मी पार्सलची वाट बघत बसलो, तोवर खातं रिकामं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पण विक्रेत्याचा खरा पत्ता लागतो. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा. डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा. आणि चिडून ब्लॉक करण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. मला त्याने ब्लॉक केलं, पण माझ्याकडे प्रत होती.

त्याने नाव आणि क्रमांक बदललाय, जाहिरात तीच आहे, आता दर १७,९००. काट्यावरच्या १४१ ग्रॅमचा तो फोटो तुमच्याकडेही आला असेल, तर पैसे देऊ नका. आणि दिले असतील, तर तुमच्या ठाण्यात आजच अर्ज द्या. एकाच खात्यावर चार तक्रारी झाल्या, तर ‘दिवाणी मामला’ म्हणणं त्यांनाही जड जाईल.